एक्सरे ‘नॉर्मल’, पण कूस बदलता येत नाही

पत्र :

नमस्कार डॉक्टर,
मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय ५७. वाशीला एका पतसंस्थेत नोकरी करते. अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी भाजी घेऊन येताना सोसायटीच्या आवारात शेवाळावरून पाय सटकला आणि डाव्या कुशीवर, बागेच्या कट्ट्याच्या कडेवर आपटले. रक्त नाही, साधं खरचटलंही नाही. उठले, घरी गेले, रात्रीचा स्वयंपाकसुद्धा केला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मात्र श्वास घेतला की काखेखाली चमक निघायला लागली. एक्सरे काढला, त्यात फ्रॅक्चर नाही म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या. आता शिंक आली की डोळ्यांत पाणी येतं. खोकला दाबून धरते. रात्र आरामखुर्चीत काढते. शेजारच्या काकूंनी त्यांचा कंबरेचा पट्टा दिलाय, तो छातीवर घट्ट आवळते, तेवढंच बरं वाटतं. सासूबाई म्हणतात उसण भरली आहे, पायाळू माणसाचा पाय लावून घे. यजमान म्हणतात, एक्सरे नॉर्मल आहे, तू उगाच मनावर घेतलंयस. मला डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे पेनकिलरची भीती वाटते. बरगडी मोडली आहे का? सीटी स्कॅन करून घेऊ का? आणि सोमवारपासून कामावर जाऊ का?
– एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर :

ताई,

आधी तो पट्टा सोडायचा आहे. पण हे वाचता वाचता ओढून काढू नका. दोन घास खाऊन पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी घ्या, पाऊण-एक तास जाऊ द्या आणि मग सोडा. पट्टा निघाल्यावर थोडा वेळ जास्त दुखेल, म्हणून गोळी आधी. एकदा सोडला की पुन्हा बांधायचा नाही, रात्री झोपतानाही नाही.

पट्ट्याने बरं वाटतं, कारण छाती फुगतच नाही. बरगडी हलली नाही की दुखत नाही, एवढं खरं. पण मग त्या बाजूचं फुफ्फुस खालपर्यंत उघडतही नाही. तळाच्या भागात हवा पोचत नाही, तिथले बारीक वायुकोश मिटून बसतात, कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. बरगडीला मार लागलेल्या माणसाला काही दिवसांनी अचानक ताप भरून न्यूमोनिया होतो, तो बहुतेक वेळा असाच. पूर्वी डॉक्टर मंडळी स्वतःच छातीवर चिकटपट्ट्या आवळून बांधत असत, काकूंनी ते पाहिलेलं असणार. पुढे याच कारणासाठी ती पद्धत सोडून दिली. औषधाच्या दुकानात ‘रिब बेल्ट’ आजही मिळतो. दुकानात मिळतो म्हणून बांधायचा असं नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘खोकला दाबून धरते’. बरगडीच्या दुखण्यात हाडाची काळजी हाड स्वतः घेतं. आपण काळजी घ्यायची ती श्वासाची.

हात मोडला तर प्लास्टर घालून त्याला दीड महिना गप्प बसवता येतं. बरगडीला सुटी नाही. आपल्या जुन्या योगग्रंथांत माणसाचे दिवसाचे श्वास २१,६०० सांगितलेत. मिनिटाला १५ धरले तर हिशेब बरोबर तेवढाच येतो, आणि स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो हे आजचं वैद्यकही सांगतं. म्हणजे तुमची दुखरी जागा दिवसाला वीसेक हजार वेळा हलते. तरीही ती भरून येते! वर-खाली स्नायूंचा आधार असतो, रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे साधा तडा काहीही न बांधता जुळतो. वेळ तेवढा लागतो.

आता एक्सरेचं. बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या सात कुर्चेने (म्हणजे कानाच्या पाळीवर असतं तशा मऊ, लवचिक हाडाने) थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कुर्चेला टेकलेल्या आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच. सगळ्या पाठीकडून वळण घेत पुढे येतात. एक्सरे म्हणजे या गोल पिंजऱ्याची सपाट सावली. बारीक तडा किरणांच्या रेषेत आला तरच दिसतो, नाहीतर सावलीत सावली मिसळून जाते. गंमत अशी की पडल्यावर बहुतेकदा मधल्या बरगड्या, चौथी ते नववी, मोडतात आणि त्याही जिथे वळतात तिथे, म्हणजे बाजूला नाहीतर पाठीकडे. एक्सरेला नेमकी तीच जागा अवघड. डावीकडे खाली तर हृदय आणि पोट यांच्या सावल्याही आड येतात. छातीच्या साध्या एक्सरेतून निम्म्यापर्यंत बरगडीचे तडे निसटू शकतात. कुर्चा तर त्यात दिसतच नाही. तिथे फाटलं असेल तर फोटो कितीही चांगला असो, तो ‘नॉर्मल’च येणार. आणि कुर्चेला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती हाडापेक्षाही रेंगाळते.

मग डॉक्टरांनी तो काढायला सांगितला कशासाठी? फुफ्फुसासाठी. मोडलेल्या टोकाने फुफ्फुसाला भोक पडून बाहेर हवा साठली आहे का, छातीत रक्त साचलंय का, हे त्यात कळतं. तुमचा एक्सरे साफ आला याचा अर्थ त्या दिवशी हे दोन्ही दिसलं नाही. चांगलीच बातमी आहे ती. बरगडीला तडा आहे की नुसता मुका मार, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. त्याने उपचारात फरकही पडत नाही, दोन्हीला गोळ्या, श्वास आणि धीर हेच लागतं. म्हणूनच निव्वळ तडा शोधायला सीटी स्कॅन करू नका. एक्सरेच्या कितीतरी पट किरण अंगात जातात, खर्च होतो, आणि हातात रिपोर्ट आल्यावर डॉक्टर हेच सांगतात. सीटी कधी लागेल ते पुढे येईलच.

किती दिवस? नुसता मुका मार असेल तर दोन ते चार आठवडे. तडा असेल तर हाड धरायला साधारण सहा आठवडे, आणि एखादी कळ बारा आठवड्यांपर्यंत डोकावून जाते. अकराव्या दिवशी शिंकताना डोळ्यांत पाणी येणं यात नवल काहीच नाही. पडल्या दिवशी तुम्ही स्वयंपाक केलात, तेही नेहमीचंच. सूज पुढच्या दोन-तीन दिवसांत वाढते आणि दुखण्याला खरी सुरुवात तेव्हा होते. काही दिवसांनी बरगडीवर छोटीशी गाठ हाताला लागली तर घाबरू नका. तडा जुळताना हाडाभोवती नवं हाड धरतं, ते असू शकतं. दवाखान्यात जाल तेव्हा दाखवा एवढंच.

पुढचा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवा.

नमस्कार. तुमच्या सौभाग्यवतींचं दुखणं मनाचं नाही. दोन बरगड्यांच्या मधून, बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून एक नस जाते. हाड जरा हललं की ती चाळवते, म्हणून चमक इतकी तीव्र असते. सांधा दुखतो तेव्हा माणूस तो सांधा वापरत नाही. इथे बिचारीने श्वास घ्यायचाच नाही का? पुढचा महिनाभर कणीक मळणं, पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, फरशी पुसणं आणि वरच्या दांडीवर कपडे वाळत घालणं ही कामं तुमच्याकडे. कणीक मळताना छातीचे स्नायू किती ओढले जातात ते पहिल्याच दिवशी कळेल. पोळीवाल्या मावशी ठेवल्यात तरी चालेल.

आता पेनकिलर. ताई, तुमची भीती अर्धी बरोबर आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या बीपी वाढवतात, पित्त करतात आणि डायबेटिस असलेल्यांच्या मूत्रपिंडावर ताण देतात. बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या जातीची असेल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिसरी ही पेनकिलर आली की मूत्रपिंडाची पंचाईत होते. त्यामुळे या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मेडिकलवाल्याने ‘सगळे हीच नेतात’ म्हटलं तरी नाही. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या वाचकांनी तर मुळीच नाही. अशा व्यक्तीला छातीवर जोराचा मार लागला असेल तर दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी. यकृताचा त्रास नसेल तर ६५०ची गोळी दर सहा तासांनी, दिवसाला चार, चार-पाच दिवस घड्याळ लावून घ्यायला हरकत नाही. त्याचे होतात २,६०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४,००० आहे. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृत नाजूक असेल किंवा रोजची दारू असेल तर ती बरीच कमी होते. फक्त हिशेब नीट ठेवा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम असतं. तीन वेगवेगळ्या नावांनी एकच औषध पोटात जातं आणि कळतही नाही.

घड्याळ लावून हे मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे, विशेषतः बायकांत, सहन होईनासं झाल्यावर गोळी घ्यायची पद्धत आहे. दुखणं शिगेला पोचलं की तीच गोळी अपुरी पडते. सहनशक्तीची परीक्षा इथे कोणी घेत नाहीये. पोटभर श्वास घेता यावा आणि खोकता यावं एवढं दुखणं खाली आणायचं, गोळीचं काम तेवढंच. पॅरासिटामॉलने तेवढं होत नसेल तर गप्प बसू नका, डॉक्टरांकडे याहून जोरकस औषधं आहेत. त्यांनी ट्रॅमाडॉलसारखी गोळी दिली तर चक्कर आणि बद्धकोष्ठ यांची तयारी ठेवा. बरगडी दुखत असताना शौचाला कुंथणं म्हणजे काय ते सांगायला नको. इसबगोल, भरपूर पाणी, पपई.

दुखऱ्या जागेवर डायक्लोफेनॅकचं जेल हलक्या हाताने लावलं तर पोटातल्या गोळीच्या मानाने फार थोडं औषध रक्तात जातं. तरी मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही विचारूनच. बर्फ पहिल्या दोन-तीन दिवसांचा, ते दिवस गेले. आता गरम पाण्याची पिशवी चालेल, टॉवेलात गुंडाळून. डायबेटिसमध्ये कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवी आधी यजमानांच्या हाताला लावून बघा. सासूबाईंना आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर लावू द्या. कातडी फुटलेली नाही, कोमट लेपाने बरं वाटतं. चोळायचा मात्र नाही.

पायाळू माणसाला कृपा करून बोलावू नका. कंबरेत उसण भरली की पायाळूचा पाय लावून घ्यायचा ही आपल्याकडची जुनी समजूत. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, त्यांच्याशी वाद घालू नका, सरळ ‘डॉक्टरांनी मनाई केली’ म्हणून माझ्यावर ढकला. कंबरेचे स्नायू जाड असतात, तिथे पाय लागून निभावत असेल. बरगडीच्या आत लगेच फुफ्फुस आहे आणि डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आडोशाला प्लीहा, म्हणजे रक्ताने भरलेली नाजूक पानथरी, आहे. तडा गेलेल्या बरगडीवर लाथ, मालिश किंवा हाडवैद्याचा झटका पडला तर सरळ असलेलं टोक आत वळू शकतं.

आता खरं औषध. दर तासाला, जागेपणी, दहा दीर्घ श्वास. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने सुरुवात करा म्हणजे सोपं जाईल. खुर्चीत ताठ बसा, एक मऊ उशी दुखऱ्या बाजूला हाताने दाबून धरा. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट आणि बाजूच्या बरगड्या फुगू द्या, जिथे दुखायला लागेल तिथून किंचित पुढे जा, मनात तीन अंक मोजेपर्यंत थांबा. मग बशीतल्या गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठ मिटत आणून हळूहळू सोडा. दहा झाले की उशी आणखी घट्ट धरून दोनदा मुद्दाम खोका. कफ असेल तर सुटू द्या. हाताशी उशी आणि मागे गोळी असेल तर खोकल्याने बरगडी मोडायची भीती बाळगू नका. शिंक येतेय असं वाटलं तरी हीच उशी. तास लक्षात राहत नसेल तर मालिकेची प्रत्येक जाहिरात ही तुमची घंटा.

कोरोनात घेतलेलं तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र घरात कुठेतरी पडलं असेल तर धुऊन काढा. फक्त त्यात फुंकू नका. बहुतेक घरांत मी लोकांना त्यात फुंकतानाच पाहिलंय. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात आणि शक्य तेवढा वेळ वर ठेवायचे असतात. प्राणायामाची सवय असेल तर अनुलोम-विलोम सावकाश, श्वास न रोखता करा. कपालभाती आणि भस्त्रिका दीड-दोन महिने बंद. सूर्यनमस्कारही.

दिवसभर खुर्चीत बसून राहू नका, घरातल्या घरात फिरा. पाऊस नसेल आणि रस्ता कोरडा असेल तर तलावपाळीला सावकाश एक फेरी मारा. रात्री आरामखुर्ची चालेल, पण पलंगावर तीन-चार उशा उतरत्या रचून अर्धवट बसल्यासारखं झोपता आलं तर पाठ आणि पाय दोन्हींना बरं. उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे मुडपा, खांदे आणि कंबर एकदम वळवून न दुखणाऱ्या कुशीवर या, पाय खाली सोडा आणि हातांनी रेटा द्या.

आता थोडं गंभीर. तुम्ही डाव्या बाजूला खाली पडलात, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. प्लीहेला बसलेला मार कधी कधी लगेच कळत नाही, ती दोन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्यानंतरही फुटू शकते. पोटाच्या डाव्या वरच्या भागात दुखणं, त्याच वेळी डाव्या खांद्याच्या टोकाला कारण नसताना कळ, चेहरा पांढरा पडणं, दरदरून घाम, उभं राहताच भोवळ, यातलं काही झालं तर वाट बघायची नाही. धाप वाढत चालली, बोलताना वाक्य तुटायला लागलं, थुंकीत किंवा लघवीत रक्त दिसलं, कातडीखाली दाबल्यावर चुरचुर असा आवाज आला किंवा श्वास घेताना छातीचा एक तुकडा उलटा आत जाताना दिसला तरीही तेच. १०८ला फोन करा किंवा तुम्हाला जवळ पडेल त्या, अपघात विभाग असलेल्या हॉस्पिटलात जा. खाडीपलीकडे कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहेच. मघाशी म्हटलेली सीटी स्कॅनची वेळ ती हीच.

ताप, पिवळा-हिरवा कफ, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढायला लागणं, यासाठी १०८ नको, पण त्याच दिवशी डॉक्टर हवेत. घरात ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून दोनदा बोट घाला, नेलपॉलिश काढून. ९५ किंवा वर असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा ९४च्या खाली येऊ लागला तर डॉक्टरांना फोन करा. ९२ किंवा त्याच्या खाली असेल तर हॉस्पिटल.

आणखी एक, कारण बाजू डावी आहे, वय ५७ आहे आणि डायबेटिस आहे. यापुढे छातीत काहीही झालं तरी ‘बरगडीच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बरगडीचं दुखणं बोटाने दाखवता येतं, दाबलं की तिथेच कळ येते, वळल्यावर आणि खोकल्यावर वाढतं. हृदयाचं दुखणं बहुतेक वेळा छातीवर दडपण आल्यासारखं, पसरट, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं असतं, सोबत घाम आणि मळमळ. डायबेटिस असलेल्यांत मात्र ते इतकं ठळक नसतंही, नुसती धाप आणि विलक्षण थकवा एवढंच जाणवतं. शंका आली तर ईसीजी काढून घ्या, त्यात लाज कसली. आणि दुखऱ्या बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन बारीक फोड उठले तर ती नागीण. पडण्याशी तिचा संबंध नसेलही, पण तिची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर चांगला उपयोग होतो.

ज्या घरी पडणारी व्यक्ती पासष्टीच्या पुढची आहे त्यांनी यातलं काहीही घरी बसून करू नये, आधी डॉक्टर. त्या वयात जितक्या जास्त बरगड्या मोडतात तितका न्यूमोनियाचा धोका वाढत जातो, आणि तीन किंवा अधिक मोडल्या असतील तर बहुधा भरतीच करून घेतात. उलट लहान मुलांच्या बरगड्या इतक्या लवचिक असतात की हाड वाकून पूर्ववत होतं, पण आतल्या फुफ्फुसाला मात्र मार बसलेला असतो. दहीहंडीच्या सरावात वरच्या थरावरून पडलेल्या पोराचा ‘हाड मोडलं नाही ना’ एवढाच चौकशीचा मुद्दा नसावा, तो यासाठी.

तुमच्याकडे परत येतो. एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मीच विचारतो. पाय सटकून पडलात, की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग पाय सटकला? नीट आठवा. बीपीच्या गोळीने उभं राहताना दाब उतरतो, साखर खाली गेली तरी तोल जातो. तसं असेल तर गोळ्यांचे डोस बघायला हवेत, नुसतं शेवाळ खरवडून भागणार नाही. शेवाळ खरवडायला हवंच, ब्लीचिंग पावडर आणि खराटा यात ते निघतं, सोसायटीच्या कमिटीला पत्र लिहा.

पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईची बरगडी केवळ चालता चालता पडून मोडली असेल, तर हाडं ठिसूळ झालीत का हे बघणं आलंच. डेक्सा नावाची तपासणी असते, दुखत नाही, काही मिनिटांत होते. तिच्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत. आज बरगडी गेली तर उद्या मनगट किंवा खुब्याचं हाड जाऊ नये यासाठी. सोबत ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी. नाचणी, दूध, तीळ, चालत असेल तर काट्यासकट खाता येणारी बारकी मासळी, हे सगळं घ्या, पण डेक्साऐवजी नको. पायाच्या सूपने हाड चिकटतं असं कोणी सांगितलं तर सूप म्हणून प्या. आणि मशेरी लावत असाल तर ती सोडायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, तंबाखूने हाड उशिरा जुळतं.

राहिला सोमवार. ठाणे-वाशी गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे एक गाडी सोडून दुसरीत खिडकीची जागा मिळेलही, पण ऐन गर्दीत दारापाशी कुणाचं कोपर तुमच्या डाव्या बरगडीत बसेल हे तुमच्या हातात नाही. वाशीला उतरताना मागून येणारा लोंढा तर विचारूच नका. रिक्षाने जायचं म्हणाल तर सध्याचे खड्डे बघता लोकल परवडली. टेबलावर बसून करायचं काम आहे, तेव्हा दोन-तीन तास ताठ बसून गोळीशिवाय निभावतंय आणि उशी न धरता खोकता येतंय असं झालं की साहेबांकडून तासभर उशिरा यायची सवलत मागून सुरुवात करा. बहुधा आणखी दहा-बारा दिवस लागतील. पर्स उजव्या खांद्याला, डबा हलका, बसल्यावर पिशवी छातीशी.

येत्या सोमवारी मात्र वाशीऐवजी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. बीपी आणि डायबेटिसच्या गोळ्यांची पाकिटं, शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि तो एक्सरे बरोबर न्या. खोकला कधीपासून दाबताय ते सांगा, डाव्या फुफ्फुसाचा तळ आणि पोट दोन्ही तपासून घ्या, डेक्साचं विचारा, आणि निघताना रजेसाठी सर्टिफिकेट लिहून घ्यायला विसरू नका.